आज सकाळपासून सांगा

आमच्या पेपरच्या ऑफिसात उभ्यानं बातमी लिहिणारी एकच बाई होती. वाशीच्या त्या दुसऱ्या मजल्यावर खुर्च्या भरपूर होत्या आणि माणसं कमी, तरी आपांचा कीबोर्ड फायलींच्या बुटक्या कपाटावर असायचा आणि त्या समोर उभ्या राहून दोन बोटांनी टाइप करायच्या. मी नवी उपसंपादक म्हणून लागले त्या दिवशी मला वाटलं, यांच्या कमरेला काही दुखणं असेल. मी खुर्ची ओढून दिली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसलं की माणूस जास्त लिहितो," त्या म्हणाल्या. "उभं राहून लिही. पाय दुखायला लागले की बातमी संपते."

आपा तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातल्या कोकणी मुसलमान घरातल्या, लग्नानंतर जुईनगरला आलेल्या. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी आणि पायात पुरुषांचे स्पोर्ट्‌स शूज. संपादकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना 'आपा'च म्हणायचे. बातमीवर त्यांचं पूर्ण नाव छापून आलं की नवीन लोक विचारायचे, ह्या कोण?

न्हावा शेवा त्यांचं. बंदर, कस्टम, ट्रकवाले, गोदामं, यार्डातले कामगार, सगळं. तिथून परतताना त्या धक्क्यावरची मासळी घेऊन यायच्या आणि पिशवी एसीखाली ठेवायच्या. संपादक एकदा चिडले. आपा म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला शिळी बातमी चालते, ताजी मासळी चालत नाही?"

फोनवर त्या 'हॅलो' म्हणत नसत. "बसलीयेस का उभी?" असं विचारायच्या. बसलेय म्हटलं की काम सांगायच्या. उभी आहे म्हटलं की "मग आधी बस" म्हणायच्या. लिहिताना बसायचं नाही आणि ऐकताना उभं राहायचं नाही, असा त्यांचा कायदा होता.

माझ्या पहिल्या बातमीत 'दरम्यान' हा शब्द दोनदा होता. आपांनी दोन्हीभोवती लाल गोल काढला.

"दरम्यान काय झालं?"

"म्हणजे... मधल्या वेळात..."

"मधल्या वेळात काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून 'दरम्यान' लिहिलंस. फोन लाव आणि विचार."

मी फोन लावला. मधल्या वेळातच खरी बातमी होती. तेव्हापासून आजतागायत माझ्या हातून तो शब्द लिहिला जात नाही. वाचताना दिसला तरी दचकायला होतं.

पण आपांची खरी खासियत त्यांच्या पहिल्या प्रश्नात होती. समोर मंत्री असो, हमाल असो, नाहीतर नवरा गेलेली बाई असो, त्या एकाच वाक्यानं सुरुवात करायच्या, "आज सकाळपासून सांगा." म्हणायच्या, सकाळबद्दल माणूस खोटं बोलत नाही, खोटं दुपारनंतर सुरू होतं. एकदा एका गोदामाला आग लागली होती आणि एक बडे अधिकारी पत्रकारांना सांगत होते, की मी स्वतः पहिल्यापासून जागेवर होतो. सगळे लिहून घेत होते. आपांनी मान वर केली.

"साहेब, आज सकाळपासून सांगा ना."

साहेब खुशीत आले. सकाळी लवकर उठलो, म्हणाले, मेहुणीच्या मुलाचं लग्न होतं पुण्याला, तिथं पोहे फार छान केले होते... आणि तोंड उघडंच राहिलं. आग सकाळीच लागली होती. खोलीतली सगळी पेनं एकदम थांबली. आपा मात्र अगदी प्रेमानं म्हणाल्या, "पोह्यांत शेंगदाणे होते का?"

मी दिघ्याची. वडील परभणीकडून आले, रबाळ्याच्या कंपनीत लागले, आणि आमच्या वस्तीतून पत्रकार झालेली मी पहिलीच मुलगी. ऑफिसात बाकीचे मला 'दिघावाली' म्हणायचे. आपा मला 'बाय' म्हणायच्या. त्यांच्या गावाकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं.

मग आमची आवृत्ती बंद झाली. मुंबईहून टाय लावलेला एक तरुण आला आणि प्रत्येकाला आत बोलावून पाकीट देऊ लागला. बाहेर येणारा प्रत्येक जण रडत होता नाहीतर शिव्या देत होता. आपा आत गेल्या आणि बराच वेळ बाहेरच येईनात. काचेतून पाहिलं, तर तो तरुण बोलत होता आणि आपा ऐकत होत्या. नंतर कळलं, त्या एका दिवसात त्यानं बंद केलेलं हे दुसरं ऑफिस होतं आणि सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. आपांनी दार उघडून चहावाल्याला हाक मारली, "एक कटिंग आण, आणि खारी." स्वतःचं पाकीट त्यांनी न उघडताच पिशवीत टाकलं. जिन्यावर मला म्हणाल्या, "चला. आता पुस्तक लिहायला वेळ मिळाला."

मला एका जाहिरात कंपनीत नोकरी मिळाली, ऐरोलीत. आपांनी खरंच पुस्तक लिहायला घेतलं. बंदरावरच्या माणसांचं. जुईनगरच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्या उभ्यानं लिहायच्या आणि शेजारच्या शेगडीवर चाचा स्वयंपाक करायचे. चाचा म्हणजे त्यांचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कुवेतला एका कंपनीच्या मेसमध्ये काढली होती. मला म्हणायचे, "तिकडं मी अख्ख्या कंपनीचं रांधलं. इथं एकच बाई, आणि ती पण उभ्यानं खाते."

प्रकाशकानं सुचवलं, एखाद्या मोठ्या माणसाची प्रस्तावना घ्या. आपांनी बंदराच्या गेटबाहेर चहा विकणाऱ्या एका बाईंची घेतली. त्या बोलल्या तशी उतरवून घेतली, दीड पान. प्रकाशक हादरला. मग पुस्तक प्रकाशनाला सभागृह घ्या म्हणाला, तर आपांनी ट्रक उभे करायचं मैदान घेतलं. एका ट्रेलरच्या सावलीत सतरंजी, पाण्याचे जार, आणि चाचांच्या हातचा पुलाव. पाहुणे लेखक ऐनवेळी आलेच नाहीत. ड्रायव्हर मात्र खूप आले. सगळे पुस्तक उघडून त्यातले फोटो शोधत होते, आणि पुस्तकात फोटो नव्हते. शेवटी आझमगढचा एक म्हातारा ड्रायव्हर उभा राहिला.

"मैडम, हमको पढ़ना नहीं आता. हमारे बारे में क्या लिखा है, बोल के सुनाओ."

आपांनी वाचायला सुरुवात केली, जमेल तसं हिंदीत सांगत. तो म्हातारा मध्येच म्हणाला, "नहीं नहीं, उस दिन धूप थी." दुसरा म्हणाला, धूप नव्हती. भांडण लागलं, मग गोष्टी सुरू झाल्या, आणि पुस्तकात नसलेलं किती तरी त्या दुपारी बाहेर आलं. परतताना रिक्षात आपांनी पुस्तक मांडीवर उघडून धरलं होतं. 

"बाय," त्या म्हणाल्या, "ज्यांचं पुस्तक, त्यांनाच ते वाचता येत नाही. मग मी हे कोणाला लिहिलं?"

"पॉडकास्ट करा ना," मी सहज बोलून गेले. "ड्रायव्हर गाडीत ऐकतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "बसलीयेस का उभी? बस. माइक घेतलाय. तो लॅपटॉपला कुठून जोडायचा?"

अशी मी त्यांच्या कार्यक्रमाची रविवारची एडिटर झाले. पॉडकास्ट हा शब्द त्यांच्या घरात कोणी वापरत नसे. आपा 'कार्यक्रम' म्हणायच्या, चाचा 'बाईचा रेडिओ'. बेडरूममधलं गोदरेजचं कपाट सताड उघडून, त्याच्या दारांवर कुवेतहून आणलेली जाडजूड ब्लँकेटं टाकून स्टुडिओ तयार झाला होता. बोलणारा माणूस कपाटाकडे तोंड करून बसायचा, आपांच्या ओढण्यांसमोर. आपांचा आवाज घोगरा. तरुणपणी त्या रेडिओसाठी परीक्षा द्यायला गेल्या होत्या म्हणे. "ते म्हणाले, आवाजात खरखर आहे. मी म्हटलं, मशीन तपासून घ्या."

त्याच खरखरीवर लोक जीव टाकू लागले. ट्रकांच्या केबिनमध्ये, गोदामांच्या गेटवर, रात्रपाळीच्या बसमध्ये तो आवाज वाजायला लागला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आक्षेप घेतला. राहत्या घरात धंदा चालतो, अनोळखी लोक येतात, लिफ्ट खराब होते. ते तक्रार घेऊन आले तेव्हा आपांनी त्यांना कपाटासमोर बसवलं आणि सकाळपासून सांगायला लावलं. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर तासभर बोलले. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. कारण इतक्या वर्षांत त्यांना त्या टाकीबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं, फक्त ओरडलं होतं. तो भाग भलताच गाजला. त्यानंतर आपांच्या पाहुण्यांसाठी लिफ्ट धरून ठेवायला ते स्वतः खाली उभे राहू लागले.

हे सगळं मजेचं होतं. मग संगीताचं प्रकरण आलं.

संगीता आमच्या गल्लीतली. माझ्या आईला ती मावशी म्हणते, मला ताई. तिचा नवरा प्रकाश न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका खासगी यार्डात लॅशिंगच्या कामावर होता. कंटेनर ट्रेलरवर चढला की तो साखळ्या-रॉडनी आवळायचा, हे ते काम. एका दुपारी मागे येणाऱ्या मशीनखाली तो सापडला आणि जागच्या जागी गेला. ठेकेदारानं सांगितलं, त्याची पाळी संपली होती, दारू पिऊन सावलीला झोपायला परत आत शिरला. एका पेपरात दोन ओळी आल्या, त्यात तेच. पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टात दारूचं नावही नव्हतं. पण तो रिपोर्ट कोण वाचतो? गल्लीनं पेपर वाचला होता. संगीताची मुलगी शाळेतून रडत आली, कोणीतरी तिला बेवड्याची पोरगी म्हणालं होतं.

मी संगीताला आपांकडे नेलं. ती कपाटासमोर बसली. आपांनी माइक तिच्याजवळ सरकवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळपासून सांग."

"सकाळी त्यानं डबा नको म्हनला," संगीता म्हणाली. "म्हनला, आज लवकर सुटनार, घरीच जेवतो. मी भाकरी झाकून ठेवली." मग तिनं सगळं सांगितलं. निघताना एवढंच म्हणाली, "तुमी मोठ्या पत्रकार. पैशाचं वकील बघतील. मला एवढंच पायजे, तो कामावर होता हे कोनीतरी सांगावं."

"सांगतील," आपा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एवढी खात्री होती, की संगीता त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपली, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

आपांनी माणूस शोधून काढला. त्याच यार्डातला दामोदर नावाचा क्रेन ऑपरेटर, उरणकडच्या आगरी गावातला. त्याच्या वडलांची मिठागराची जागा बंदरात गेली होती आणि त्यावर याला नोकरी लागली होती. अपघात त्यानं वरच्या केबिनमधून पाहिला होता. एका रविवारी सकाळी तो आला, कपाटासमोर बसला आणि सलग बोलला. प्रकाशची पाळी संपली होती हे खरं. पण सुपरवायझरनं त्याला गेटवरून परत बोलावून घेतलं होतं, दोन ट्रेलर अडकले होते म्हणून. असं नेहमीच व्हायचं, पण त्याची नोंद कधी व्हायची नाही.

"पिलेला नव्हता," दामोदर म्हणाला. "माझ्यासंगती चाय पिला नि कामाव गेला. मी वर चरलो. वरशी पायलं."

मी हेडफोन लावून बसले होते.  हाच तो माणूस. सगळं स्पष्ट, सगळं पहिल्यापासून. मी त्याच संध्याकाळी एडिट करायला घेतलं.

तीन-चार दिवसांनी आपांचा फोन आला. बसलीयेस का उभी, हेही विचारलं नाही. "घरी ये," एवढंच.

दामोदर आलेला होता. खुर्चीच्या टोकाशी बसला होता. चाचांनी दिलेला चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

"आपा, पोराचा काम पक्का होतंय," तो म्हणाला. "त्याच यार्डान. माझा बोलनं नको लावूस."

मी म्हटलं, "आपण नाव काढू. आवाज बदलता येतो, काका. कोणाला कळणार नाही."

आपांनी मान हलवली. "त्याच्या गावात त्याला खोकल्यावरून ओळखतात." मग दामोदरकडे वळून म्हणाल्या, "तुझं आहे. परत ने."

त्यांनी रेकॉर्डरमधलं कार्ड काढलं, त्याच्यासमोर लॅपटॉपला लावलं आणि मला म्हणाल्या, "पूस. तुझ्याकडची कॉपी पण."

"आपा, थांबा. संगीताचं काय?"

"संगीताला मी सांगते."

"तुम्ही तिला शब्द दिलाय. हातात पुरावा आहे."

"माझ्या हातात ह्या माणसाचं बोलणं आहे. त्यानं विश्वासानं दिलं, आता मागतोय. पूस, बाय."

मी पुसलं. दोन्हीकडचं. दामोदर उठला, आपांच्या पायाशी वाकायला लागला, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून वर केलं. "चहा गार झाला," म्हणाल्या. "दुसरा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी आपा दिघ्याला आल्या. एकट्या, रिक्षानं. संगीताच्या खोलीत जमिनीवर बसल्या आणि काय झालं ते सगळं सांगितलं. साक्षीदाराचं नाव तेवढं सांगितलं नाही. मी दारात उभी होते. संगीतानं ऐकून घेतलं. 

"तुमचं इमान राहिलं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं नाव गेलं."

 आपा फक्त "हो" म्हणाल्या.  संगीतानं पाणीही विचारलं नाही.

मी आपांकडे जाणं बंद केलं. माझ्या दृष्टीनं त्यांनी स्वतःचा स्वच्छपणा जपला होता आणि किंमत आमच्या गल्लीला पडली होती. रस्त्यात संगीता दिसली की मी मान खाली घालायचे. आपांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही.

काही आठवडे गेले. एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या माणसाच्या मोबाइलमधून ती खरखर ऐकू आली. मी त्याला आवाज मोठा करायला सांगितला. एरवी तासाचा कार्यक्रम, तो दोनच मिनिटांचा होता.

"एका कामगाराचा यार्डात मृत्यू झाला. तो कामावर होता, असं मला एका माणसानं सांगितलं. नंतर त्यानं ते परत मागितलं आणि मी परत दिलं. कोण ते विचारू नका, मी सांगणार नाही. माझ्याकडे आता काहीच नाही. ज्याला बोलायचं आहे त्यानं यावं. उद्या परत न्यावंसं वाटलं तर परत न्यावं. घर जुईनगरला आहे. जेवायला या."

एवढंच. मला वाटलं, झालं, आता हसतील सगळे.

त्याच आठवड्यात आपांचा तिसरा फोन आला, तेव्हा मी उचलला. "बसलीयेस का उभी?" मी बसले. "रविवारी ये. माणसं येतायत. ते कापायचं-जोडायचं मला जमत नाही."

मी गेले. माफी वगैरे कोणी मागितली नाही, त्यांनी नाही, मी नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. चाचांनी मोठं पातेलं काढलं होतं, कुवेतच्या दिवसांसारखं, आणि ते भलतेच खुशीत होते. यार्डातली माणसं बायकापोरांसकट आली होती, एखाद्याच्या घरी दावतला जावं तशी. काही फक्त जेवून गेली. काही कपाटासमोर बसली.

सगळ्यांत आधी बसले ते यार्डाच्या गेटवरचे सिक्युरिटी गार्ड, गायकवाड. आमच्याच परभणीकडचे.

"मीच त्याला आत सोडला," ते म्हणाले. "सुपरवायझरचा फोन आला, परत पाठव म्हणून. दारू पेलेल्या मानसाला मी आत सोडतो का? त्याच कामाचा पगार घेतो मी."

"तुम्हाला काढतील, गायकवाड," आपा म्हणाल्या.

"काढू द्या. गार्ड सगळ्यांनाच लागतात."

लॅशिंगवाले दोघे बोलले. त्यातला एक दोन दिवसांनी परत आला, बायको घाबरलीय म्हणाला. आपांनी मला फोन करून त्याचं पुसायला लावलं. मी या वेळी लगेच पुसलं. तो परत गेला आणि त्याच्या ओळखीनं आणखी एक जण आला. मला तेव्हा कळायला लागलं, की ही माणसं का येतायत. बंदराच्या त्या सगळ्या रस्त्यावर, जिथं अंगठा उठवलेला कागद कधी माघारी मिळत नाही, तिथं दिलेलं परत देणारं एकच घर होतं.

चाचांना एकदा मी विचारलं, आपांना हे होणार असं माहीत होतं का. चाचा कांदा चिरत होते. "तिला काय माहीत? रोज दाराकडं बघत बसायची. जेवत नव्हती." मग मी आपांनाच विचारलं.

"कोणी आलंच नसतं तर?"

"तर नसतं आलं."

"आणि संगीता?"

"ती जन्मभर मला शिव्या देत बसली असती," आपा म्हणाल्या. "मी ऐकल्या असत्या. पण त्या माणसाचं बोलणं त्याचंच होतं, बाय."

कार्यक्रमाचे ते भाग लागले आणि ट्रकवाल्यांनी ते बंदरभर नेले. संगीताच्या वकिलानं सांगितलं, कोर्टात या रेकॉर्डिंगचा तसा उपयोग नाही, माणसं उभी राहिली पाहिजेत. पण कपाटासमोर एकदा बोललेली माणसं दुसऱ्यांदा बोलायला तेवढी घाबरत नाहीत. गायकवाड उभे राहिले. लॅशिंगवाला उभा राहिला. कंपनीच्या वकिलानं गायकवाडांना विचारलं, "तुम्हाला त्या बाईंनी काय काय बोलायला शिकवलं?"

"त्या फकस्त म्हणल्या, सकाळपासून सांगा."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "मग इथंही सकाळपासूनच सांगा," म्हणाल्या.

वर्षाच्या वर गेलं. तारखा पडल्या, आपा प्रत्येक तारखेला हजर. कोर्टाच्या बाकावर त्या बसून असायच्या, कारण ऐकायचं काम होतं. दामोदर शेवटपर्यंत आला नाही. त्याचा मुलगा पक्का झाला. मी एकदा त्याच्याबद्दल तोंड वाकडं करून बोलले, तर आपा कडाडल्या, "त्याच्या वडलांचं मिठागर गेलं, तेव्हा तू होतीस का त्याच्या बाजूला?" त्या वर्षी त्याच्या गावच्या जत्रेला त्या त्याच्याच घरी जेवल्या. गायकवाडांना यार्डानं काढलं आणि आठवड्यात दुसऱ्या गोदामानं ठेवलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, गार्ड सगळ्यांनाच लागतात.

निकाल लागला. मृत्यूच्या वेळी प्रकाश कामावर होता, मालकाच्या सांगण्यावरून कामावर होता. संगीताच्या हक्काचं जे होतं ते तिला मिळालं. ती मला म्हणाली, "ताई, आपांना रविवारी घेऊन या. मी सांगितलंय म्हना."

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही पोचलो, आपा, चाचा आणि मी. गल्लीत जयंतीच्या मंडळाचे दोन मोठे स्पीकर लावले होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या दिघ्यात मंडळाचा स्पीकर एरवी फक्त जयंतीला आणि लग्नाला बाहेर निघतो. संगीतानं आपांना हाताला धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि आधी पाणी दिलं. मग मंडळाच्या पोरानं मोबाइल जोडला आणि कार्यक्रम सुरू झाला.

आपांनी स्वतःचा कार्यक्रम चारचौघांत कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा त्यांचाच आवाज आला तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "काय गं ही बाई, घसा तर बघ." आणि तोंडावर ओढणी धरून हसल्या. मग संगीताचा आवाज आला, भाकरी झाकून ठेवलेली सकाळ.  नळावरच्या बायका घागरी टाकून आल्या. वरच्या खोल्यांच्या खिडक्या उघडल्या. ज्यांनी पेपर वाचला होता, ज्यांनी पोरीला चिडवणाऱ्या आपल्या पोरांना गप्प केलं नव्हतं, ते सगळे आपापल्या दारात येऊन उभे होते. प्रकाशची मुलगी आईला चिकटून उभी होती.

गायकवाडांचा आवाज सुरू झाला. गल्लीच्या टोकाला किराणा दुकानदार उभा होता. प्रकाश त्याच्याकडून रोज बाटलीसाठी ग्लास न्यायचा, ही कहाणी त्यानंच पसरवली होती. तो हळूच मागे सरकत दुकानात शिरू लागला. संगीतानं त्याला पाहिलं.  ती स्पीकरपाशी बसलेल्या पोराकडे वळून म्हणाली, "वाढव रे. तिकडच्या दुकानापर्यंत गेलं पायजे."